नऊ माणसांचा पंखा

फोटोतली पांढरी बोट खरंच आपली आहे का, असं तुम्ही दोघांनी विचारलं होतं. बोट तुमच्या मोठ्या आजीची, म्हणजे माझ्या थोरल्या जावेची आहे. पण तिच्या इंजिनाचं इंग्रजी पुस्तक माझ्या टेबलावर पडलेलं असतं. ते वाचून माझे डोळे आणि धरणाच्या पायऱ्या चढून माझे गुडघे आता दमले आहेत. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते.

मोठी आजी धरणाच्या पलीकडच्या काठावर राहते, मी अलीकडे, वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजूला. उन्हाळ्यात काठाने रस्ता आहे. पावसाळ्यात नाल्यावरचा पूल बुडाला की तो बंद. तिच्या किडन्या नीट काम करत नाहीत, म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी तिला वाशीमला डायलिसिससाठी न्यावं लागतं. सकाळी नऊची वेळ तिची. उशीर झाला की ते यंत्र दुसऱ्या रुग्णाला देतात. एक वार चुकला तरी तिचे पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते.

तिच्या मुलाने पुण्याहून बोट घेऊन दिली, पण फोनवर मला बजावलं, "काकू, पोळ्यापर्यंत पाहतो. आई वेळेवर पोचत नसेल तर मी तिला इकडे घेऊन येतो. मग रडारड नको." त्याचं घर सहाव्या मजल्यावर आहे. ती तिथे एकदा पंधरा दिवस राहून आली होती. "खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते," ती मला म्हणाली, "दिवसभर काय पाहू मी? मी नाही जात पुण्याले." म्हणजे ती बोट चालणं किंवा न चालणं म्हणजे तिचं घर राहणं किंवा जाणं होतं, आणि हे आम्हा दोघींनाही पक्कं ठाऊक होतं.

बोट विकणाऱ्याने नागपूरहून एक फॉर्म पाठवला होता. मी शाळेत शिकवलेलं, म्हणून इंग्रजी कागद आला की इकडे तो माझ्याकडेच येतो. तलावाची लांबी, बोटीचं वजन, सगळं मी सुवाच्य अक्षरात भरलं. नेहमी किती माणसं बसतील? मी लिहिलं, तीन. रुग्ण, चालवणारा आणि मी. त्याप्रमाणे त्याने इंजिनाखाली पाण्यात फिरणारा पंखा पाठवला, अकरा नंबरचा. लाकडात स्क्रू फिरवला की तो एका फेरीत ठरावीक आत जातो. पंखाही एका फेरीत पाण्यात किती इंच पुढे सरकेल, त्याचा तो आकडा. आकडा मोठा म्हणजे ढांग मोठी.

चालवायला मासेमारी करणारा एक भोई भाऊ मिळाला. पहिल्या दिवशी त्याने बोटीच्या तोंडाशी नारळ फोडला. आपल्या घरात ती रीत नाही. मोठी आजी काठीवर रेलून पाहत होती.

"काहून रे, मशीन पेट्रोलवर चालते का नारळावर?"

"तुमी पेट्रोल भरा आजी, बाकीचं नारळ पाहून घेईन."

आम्ही तिघं बसलो आणि अकरा मिनिटांत पाणी ओलांडलं. मी पुण्याला फोन करून सांगितलंसुद्धा.

मंगळवारी मी आणि भोई भाऊ तिला आणायला गेलो तेव्हा बोट भुर्रकन पलीकडे पोचली. येताना मात्र तिचं नाक वर, शेपूट पाण्यात, इंजिन कण्हत होतं. भाऊने वेगाची मूठ पूर्ण पिळली होती, तरी पस्तीस मिनिटं लागली. वाशीमला पोचलो तोवर यंत्र दुसऱ्याला दिलेलं होतं. तिथल्या बाकावर बसून तिने डबा उघडला आणि मला अर्धी भाकरी दिली.

त्यानंतर पाच आठवडे हेच. जाताना सुसाट, येताना रडत. आम्ही पहाटे निघू लागलो, तरी आणखी दोन वार हुकले.

"मॅडम, हे मशीन आजीले भेते," भोई भाऊ म्हणाला.

"मी काय त्याले मारून राह्यलो का?" ती म्हणाली. इकडे बायकासुद्धा असंच बोलतात, तुम्ही तिची चूक काढू नका.

मी पुस्तकातल्या क्रमाने गेले. पंख्याला शेवाळ गुंडाळलंय का पाहिलं, होतं, काढलं. जुनं पेट्रोल ओतून नवं भरलं. प्लग बदलले. इंजिन फार वर बसलं तर पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो, म्हणून ते दोन बोटं खाली घेतलं. येताना वारा समोरून असतो, असं मी दोन दिवस मानलं. तिसऱ्या दिवशी वारा पाठीमागून होता आणि बोट तशीच रडली. मालेगावहून मोटारसायकलीचा मिस्त्री आला, कान लावून बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "मॅडम, मले तं यात खराबी दिसत नाही." प्रत्येक उपायानंतर मी वहीत एक ओळ लिहायची आणि ओळीपुढे फुली मारायची. पान भरलं. रात्री डोळे मिटले तरी इंजिनाची घरघर कानात राहायची.

शेवटी नागपूरच्या माणसाने इंजिनाचे फेरे मोजायचं छोटं मीटर कुरियरने पाठवलं. प्लगच्या वायरीला त्याची तार गुंडाळायची आणि मूठ पूर्ण उघडून आकडा वाचायचा. जाताना मिनिटाला त्रेपन्नशे आला, येताना अडतीसशे. पुस्तक म्हणत होतं, साडेचार हजाराच्या खाली इंजिनाला ओढत नेऊ नका, ते आतून झिजतं.

"येताना बोटीत किती लोक असतात?" त्याने फोनवर विचारलं.

"तीन," मी म्हणाले. फॉर्मवर तसंच लिहिलं होतं ना मी.

पुढच्या शुक्रवारी मीटरवरचा आकडा वहीत उतरवून मी मान वर केली, आणि पहिल्यांदा मोजलं. नऊ. शेजारीण, कारण आजीचा हात तिच्याशिवाय कोणी धरायचा नाही. शेजारणीचा नवरा, कारण परतायला उशीर झाला तर. आजीची चुलत बहीण आणि तिची सून. वाशीमच्या कोर्टात तारीख असलेले एक गृहस्थ. जऊळक्याला रेल्वे पकडणारी एक बाई आणि तिची गोणी. वर सतरंजी, पाण्याचा कॅन, डबे. आपल्याकडे आजारी माणसाला दवाखान्यात एकटं पाठवत नाहीत. ज्याला जमेल तो निघतो, आणि त्याला कोणी नको म्हणत नाही. पाच आठवडे मी त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले होते, सगळ्यांच्या लाइफ जॅकेटचे बंद स्वतः तपासत होते, पण ती माणसं माझ्या हिशेबात ओझं म्हणून कधी आलीच नव्हती. माझ्या डोक्यात रुग्ण एक आणि सोबतीण एक. हा विचार मी पुस्तकांतून शिकले असेन, घरातून नक्कीच नाही.

मंगळवारी मी काठावर उभी राहून सांगितलं, "आज फक्त तिघं."

"मंग हिचा हात कोण धरीन?" शेजारीण म्हणाली.

"मी धरीन."

"मॅडम, पायरीवरून उतरताना तुमचाच हात मी धरतो. उगी कायले?" भोई भाऊ म्हणाला.

सगळे हसले. मीही हसले असते, पण पायऱ्या उतरून आल्यावर मला आधी बसायला हवं होतं. मोठी आजी आधीच बोटीत बसली होती. "मास्तरीण बाई," ती म्हणाली, "माणसं राहू द्या. मशीनले काय सांगायचं ते सांगा."

तेव्हा मी नागपूरला खरा आकडा कळवला. तो म्हणाला, आठ नंबरचा पंखा लावा. ताकद कमी होईल ना, मी विचारलं. तो म्हणाला, भरलेली गाडी चढावर खालच्या गिअरमध्ये घेता ना, तसंच. ढांग लहान, ओढ जास्त. फक्त दोघंच असाल तेव्हा मूठ पूर्ण उघडू नका, इंजिन भलतंच सुटेल. माझा फॉर्म चुकला, असं मी त्याला सांगितलं. ते सांगायला मला पंखा बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

या वेळी चाचणी सोमवारी घेतली आणि नऊच्या नऊ माणसांना बोलावलं. कोणाला कुठेही जायचं नव्हतं, तरी सगळे डबे घेऊन आले. भाऊने मूठ उघडली. बोटीचं नाक थोडं उठलं आणि मग हळूच खाली बसलं. मीटरवर सत्तेचाळीसशे. सोळा मिनिटं. दुसऱ्या दिवशी पावणेनऊला आम्ही दवाखान्याच्या दारात होतो.

पुतण्या पोळ्याच्या आधी आला, बोटीत दहावा म्हणून बसला आणि सारखा घड्याळ पाहत राहिला. तिला वेळेवर यंत्र लावलेलं पाहिलं, तेव्हा बाहेर येऊन मला म्हणाला, "काकू, तुम्हाला झेपेल ना हे? दर पावसाळ्यात?" मी हो म्हणाले. तो एकटाच पुण्याला परतला.

परवा शुक्रवारी परत येताना ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. मला वाटलं, झोपली.

"थकली का वो तू?" तिने विचारलं.

"थकले."

"मंग जातो मी पुण्याले. सांगू त्याले?"

"नीट बसा," मी म्हणाले, "जॅकेटचा बंद सुटलाय तुमचा."