उन्हाला दहापैकी दहा

मुलगी सहा वर्षांची होती तेव्हा मस्कतमध्ये रुवीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रीजरला साचलेला बर्फ चमच्यानं खरवडायची आणि वाटी घेऊन मला दाखवायला धावत यायची. मी पेपरातून मान वर करेपर्यंत वाटीत पाणी झालेलं असायचं. मग भोकाड. एकदा वैतागून मी बोलून गेलो, "रडू नकोस, न वितळणारा बर्फ दाखवीन तुला."

हे वचन मी दहा वर्षं इमानेइतबारे पुढे ढकललं. दर सुट्टीत गाव, लग्नं, दातांचे डॉक्टर. बघता बघता ती अकरावीत गेली. पुढच्या डिसेंबरात बारावीचा अभ्यास, त्यानंतर कॉलेजसाठी पुणं. आता नाही तर कधीच नाही, हे माझ्यासारख्यालाही कळलं.

एजंटानं स्वित्झर्लंडमधल्या एकाच दरीतली, समोरासमोरची दोन गावं सुचवली. दोन्हीकडे स्कीइंग. एक उंचावर, सावलीच्या बाजूला. दुसरं खाली, उन्हाच्या बाजूला. शहाण्या माणसानं पाच मिनिटांत ठरवलं असतं. मी पडलो इंजिनिअर. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तक्ता केला: खोलीत स्वयंपाकाची सोय, बसथांबा, ऊन, असं काय काय लिहून प्रत्येकाला गुण दिले. आम्ही मस्कतच्या जानेवारीत स्वेटर घालून अल मवालेहच्या मंडईत भाजी घेणारी माणसं. उन्हाला मी दहापैकी दहा दिले. वर मुलीला सांगितलं, "तुझ्या आईला थंडी सोसत नाही." खरं तर सोसत नव्हती ती मला.

ऑफिसातल्या रत्नागिरीच्या स्टोअरकीपरनं तक्ता बघून कपाळावर हात मारला. "अरे, बर्फ बघायला चाललास आणि ऊन शोधतोस? मग इब्रीच्या वाळवंटात जा ना! यल्ला, नीघ, दुपारपर्यंत पोचशील."

मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, वरचं गाव... तिथे स्नो जास्त असेल ना?" मी तिला तक्ता दाखवला. त्यात खालचं, उन्हाचं गाव जिंकलं होतं.

पोचलो तर आमच्या गावाच्या उतारांवर हिरवं गवत आणि चिखल. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. दरीपलीकडचं गाव पांढरंशुभ्र. तिकडची बस आमच्या दारातूनच सुटायची, पण तिच्यात बसणं म्हणजे तक्ता चुकला हे कबूल करणं. तीन दिवस मी "उद्या इथेही पडेल, इन्शाल्ला" म्हणत गॅलरीत ऊन खात बसलो. मुलगी खिडकीतून पलीकडे बघायची. शेवटच्या सकाळी बॅग भरताना तीच म्हणाली, "इट्स ओके, बाबा. गवत पण छान आहे."

माझी मलाच इतकी लाज वाटली, की चहा तसाच टाकून मी बसची तिकिटं काढून आणली.

वरच्या गावात आम्हाला जेमतेम दोन तास मिळाले. बसथांब्याच्या भिंतीला जिथे हातभर ऊन होतं, तिथे मी कुडकुडत उभा राहिलो. सोळा वर्षांची माझी मुलगी पार उतारापर्यंत गेली, वाकली, आणि ओंजळ पुढे धरून धावत माझ्याकडे आली, लहानपणी वाटी घेऊन यायची तशी. धापा टाकत म्हणाली, "बघ, बाबा. पाणी नाही झालं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ते वचन फक्त माझ्याच लक्षात आहे. मला रडू फुटलं. बायकोनं काय झालं विचारलं, तेव्हा म्हटलं, मला थंडी सोसत नाही.