चंद्रभागाबाईची गरम बादली

लाखांदूरच्या एस.टी. स्टँडमागच्या खानावळीत चंद्रभागाबाई गेली चौदा वर्षं भांडी घासते. धानाच्या तुसाची राख आणि नारळाची शेंडी घेऊन ती बसली, की मटणाचं जळकं पातेलंसुद्धा मुकाट शरण येतं.

दर हिवाळ्यात तिचं एकच मागणं असे. "प्रविणभाऊ, एक बालटी गरम पानी देत जा जी. बोटं गारठून राहिले."

"मावशी, भांडे घासाचे हायेत का त्यायले आंघोळ घालाची हाय?" मालक विचारी. दोघंही हसत, आणि नळाचं गार पाणी तसंच चालू राही.

यंदा जानेवारीत एका गिऱ्हाइकानं ताटावरचा तेलकट थर बोट फिरवून दाखवला, आणि आठवड्यात पाणी तापवायचा बंब आला. ताटांसाठी का होईना, आला. त्या दिवशी चंद्रभागाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून कामावर आली.

पहिली बादली समोर आली. वाफ दिसत होती, पण तिचा भरवसा डोळ्यांपेक्षा हातावर. तिनं मनगटापर्यंत हात घातला आणि जरा वाट पाहिली.

"भाऊ, बंब पेटलाच नाही वाटते. थंडंच हाय हे."

"मजाक नका करू, मावशी." प्रविणनं बोट बुडवलं आणि चटका बसताच तोंडात घातलं. नाटकं करतो म्हणून ती पोटभर हसली. मग तिला स्वतःचा लालभडक हात दिसला.

प्रविण घाईघाईनं बादलीत गार पाणी ओतू लागला.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "मंग तेल निंगत नाही." आणि तिनं पुढचं ताट उचललं.