पोरीची पाणथरी

आम्ही ठाण्याच्या खाडीवरचे कोळी. बा होडी घेऊन जायचा, आय टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरायची. कारखान्यांचं पाणी खाडीत उतरायला लागलं तसा जाळ्यात मासळीपेक्षा काळा गाळच जास्त यायला लागला. घरात दोन वेळची पंचाईत. त्या ओढाताणीत मी बी.ए. झालो, आमच्या आळीतला पहिला. वागळे इस्टेटमध्ये टेबलाची नोकरी लागली. त्याचा मला अभिमान होता, अजूनही आहे. पण त्याच अभिमानापायी एकदा मी नको ती घाई केली, तेच सांगायचं आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. होडी डांबर लावायला किनाऱ्यावर ओढली होती. माझी सहा वर्षांची मुलगी तिच्यावर चढली आणि घसरून खालच्या ओंडक्यावर पोटावर आपटली. बाहेर साधं खरचटलंही नाही, पण तासाभरात ओठ पांढरे पडले. मी आणि आय तिला घेऊन जवळच्या खासगी हॉस्पिटलात धावलो. सोनोग्राफीत दिसलं, पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती आणि पोटात रक्त साठत होतं. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. ऑपरेशन करून पाणथरी काढावी लागेल म्हणाले. मीही इंग्रजीतच उत्तर दिलं आणि फॉर्मवर झोकात सही ठोकली. ते मोठ्या माणसांचे सर्जन. लहान मुलांचा अनुभव किती, हे विचारायचं मला सुचलंच नाही. डॉक्टर आपल्याशी इंग्रजीत बोलतात, यातच मी खूश.

बाहेर बाकावर एक अनोळखी बाई होत्या, सासूला दाखवायला मानपाड्याहून आलेल्या. आयचं रडणं ऐकून त्या मला म्हणाल्या, "अहो भाऊ, पोरांची हॉस्पिटलं वेगळी असतात. माझा मुलगा गच्चीवरून पडलेला, त्याचीही पाणथरीच. मुंबईला नेला, न कापता बरा केला. सही केलीत म्हणजे काय दगडावर कोरलंत का? विचारा तरी!"

मला राग आला, तरी पाय डॉक्टरांच्या खोलीकडे वळले. त्यांनी सोनोग्राफीचा कागद पुन्हा पाहिला. मग मराठीत म्हणाले, "तिथे नेता आलं तर चांगलंच. रक्त लावून देतो, सोबत माझा माणूस येईल. आत्ता निघा." अँब्युलन्समध्ये चढताना वळून पाहिलं, तर बाकावर कुणी नव्हतं.

मुंबईच्या त्या मुलांच्या रुग्णालयात डॉक्टरीणबाई दर तासाला नाडी बघत, पोट चाचपत, रक्त तपासत. ऑपरेशनचं नाव नाही. "मुलांची पाणथरी पुष्कळदा आपली आपण भरते. गरज पडली तर थिएटर तयार आहे," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तपासणीत रक्ताचं प्रमाण आणखी थोडं उतरलं आणि मी भडकलो. "नुसतं बघत बसायला आणलं का हिला इथे?"

आमच्यात मोठ्या कामाआधी देवीला कौल लावतात. मूर्तीला ओलं फूल चिकटवायचं, मनातलं विचारायचं आणि ते पडेपर्यंत हात जोडून बसायचं. आयनं माझी बाही धरून मला खाली बसवलं. "अरं ए बी.ए.! कौल लावल्यावर फूल हातानं ओढतंस का? पडंल तवा पडंल. त्या डॉक्टरीणबाईला तिचं काम करू दे."

मी बसलो. काहीही न करता बसणं मला कुणी शिकवलंच नव्हतं. तोवर मी देवीला सारखं 'वाचव, वाचव' म्हणून बजावत होतो, जणू ती माझ्या हाताखालची कारकून. त्या दुपारी पहिल्यांदा म्हणालो, 'आई, पोर तुझी आहे, तूच बघ.' छातीवरचं ओझं हललं. तिसऱ्या दिवशी रक्त उतरायचं थांबलं. चौथ्या दिवशी पोर आयला म्हणाली, "आजी, सुकट दे ना गं," आणि डॉक्टरीणबाई मोठ्यानं हसल्या.

पुढे त्या बाईंना शोधायला मी दोनदा मानपाड्याला गेलो. सापडल्या नाहीत. त्या कोण होत्या, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. रोज दिवा लावताना त्यांना हात जोडतो. धावायचं तेवढं माणसानं धावावं, विचारायचं तेवढं विचारावं, मग हात मोकळे सोडावेत, एवढं मला कळलं.

बाराव्या दिवशी माझी मुलगी स्वतःच्या पायांनी घरी आली. पाणथरी शाबूत होती आणि पोटावर एकही टाका नव्हता.