ताईचा राहिलेला धडा

सोमवारी दुपारी चंद्रपूरच्या दवाखान्यात ताई वारली.

ती आरमोरीच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. मी तिचा धाकटा भाऊ, गावच्याच वाचनालयात कामाला. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, तरी मोठ्या दुखण्याला चंद्रपूरच गाठावं लागे.

इंग्रजी वाक्प्रचार शिकवण्याची तिची एक रीत होती. आधी अर्थ सांगायचा, मग एखाद्या मुलाला उभं करून विचारायचं, "हे कोणाच्या दारात म्हणशील?" लग्नघरी, कचेरीत, की दुखवट्याच्या घरी? अर्थ गाईडातही मिळतो, पण कुठे काय बोलू नये हे गाईडात नसतं, असं ती म्हणे. त्या वर्षी ती आजारी पडली आणि दहावीचा तो धडा अर्धा राहिला. मुलांनी उरलेला भाग गाईडवरून पाठ केला.

शाळेत शोकसभा झाली. त्रिशरण झालं. बाई इंग्रजीच्या, म्हणून एका विद्यार्थिनीने इंग्रजीतून बोलावं, असं मुख्याध्यापकांनी ठरवलं होतं. वर्गातली हुशार मुलगी उठली. हात जोडून, डोळे पुसत तिने म्हटलं, "अवर टीचर हॅज किक्ड द बकेट."

ज्याच्या जाण्याचं कुणाला फारसं दुःख नाही, त्याच्याबद्दल इंग्रजीत मस्करीने असं म्हणतात. गाईडात समोर फक्त 'मरण पावणे' एवढंच छापलेलं होतं. बाहेरगावाहून आलेले एक शिक्षक रुमालाआड हसले. मुलीला ते दिसलं. तिचं पुढचं भाषण तसंच राहिलं.

"काय म्हनली पोरगी?" शेजारी बसलेल्या आईने विचारलं.

"ताई गेल्याचं फार दुःख झालं म्हणते."

आईने मान हलवली.

त्यानंतर ती मुलगी शाळेत येईना. परीक्षा तोंडावर आली होती. तिच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. तिची मैत्रीण वाचनालयात सांगत आली, "थे आता शाळाच सोडतो म्हनते, सर."

मी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि राहिलेला धडा मी शिकवणार आहे, असा निरोप तिच्या घरी पाठवला. ती आली. मागच्या बाकावर बसली.

मी शोकसभेचं नाव काढलं नाही. फळ्यावर आपलेच शब्द लिहिले. मेला, वारला, गेला, खपला. विचारलं, कोणता कुठे?

"बैल मेला," एक मुलगा म्हणाला. "आजा वारला."

"आणि खपला?" मी विचारलं.

"सर, ज्याचा राग हाये थो खपला."

"तुह्या मामाबद्दल म्हनून पाय," मागून कोणीतरी म्हणालं. "मामी चुलीतलं लाकूड घेऊन येते."

वर्ग हसला. मग त्यांच्याखाली मी इंग्रजी वाक्प्रचार लिहीत गेलो, आणि मुलं एकेकाला जागा देत गेली. 'किक द बकेट' मुलांनी स्वतःच 'खपला'च्या खाली नेऊन ठेवला. मागच्या बाकावरची मान खाली गेली.

तास संपल्यावर ती थांबली.

"गाईडमंदी त मरन पावने एवढंच होतं, सर."

"मी पाहिलंय."

"बाई रागावल्या असत्या काय?"

"नाही. त्यांनी तुला पुन्हा बोलायला लावलं असतं."

तिने फळ्यावर 'वारला'च्या खालचा वाक्प्रचार वाचला. मग सभेत उभी होती तशीच हात जोडून उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "अवर टीचर हॅज पास्ड अवे."

तोवर मी कितीतरी लोकांना ताई गेल्याचं सांगितलं होतं. ते ऐकायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. मी खुर्चीवर बसलो. ती दारात थांबून राहिली. मी मान हलवल्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली, आणि परीक्षेलाही बसली.

आता घरी आई आणि मी असतो. वाचनालयातून आणलेलं इंग्रजी पुस्तक पूर्वी मी ताईला मोठ्याने वाचून दाखवायचो; आईला इंग्रजी येत नाही. मी वाचतो ते मनातल्या मनात वाचतो.