जनाताईची डावी बाही

जनाताई गेल्याचा फोन तिच्या मुलीने, मनीषाने केला, तेव्हा माझ्या मशीनवर जनाताईचाच ब्लाउज होता. एकाच बाहीचा. "मावशी, आई गेली..." एवढंच. त्या दिवशी पुढे मशीन चालवलंच नाही.

पनवेलच्या बाजारात माझं शिवणाचं दुकान, आणि ती करंजाड्याची, लग्नाच्या पंगतींना तांदळाच्या भाकऱ्या थापून देणारी. वीस वर्षांची मैत्री, त्यातली अर्धी भांडणात गेली. लहानपणी उकळती पेज सांडून तिचा डावा हात कोपरापासून खांद्यापर्यंत भाजलेला. मला तो एकदाच दाखवला, पहिल्या मापाला. पुढे कायम मनगटापर्यंत बाही, आणि माप घ्यायचं तेही ब्लाउजवरूनच. मे महिन्यात कशाला गं एवढी बाही, म्हटलं की फिस्कारायची, "तुजा काम शिवाचा, इचाराचा नाय!"

मनीषाचं लग्न ठरलं त्या वर्षी जनाताई संक्रांतीनंतर आली. "डावी बाही घट होते, सैल कर." मी टीप उसवली. होळीला परत तेच. आतून पिवळट डाग दिसला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "चुलीची धग लागते, चिघलते." आणि मी बावळट, ऐकून घेतलं! लग्नाला आठ दिवस उरले असताना तिसऱ्यांदा आली तेव्हा वास लपेना. मी जबरदस्तीने बाही वर सरकवली... जुन्या व्रणावर कडा उचललेली, ओली जखम. "अगं बाई, किती दिवसांचं हे?"

"दिवालीपासून. पोरीचा लगीन होऊ दे. कोनाला बोललीस तर माजी शपथ हाय."

शपथ घालून मोकळी! हळदीला ती सगळ्यांना वाढत होती, हसत होती, आणि मी नुसती तिच्या बाहीकडे बघत होते. ओरडून सांगावंसं वाटत होतं. नाही सांगितलं.

लग्न उरकल्यावर डॉक्टरांकडे नेली. ते चिडलेच. भाजल्याच्या जुन्या व्रणात कितीतरी वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो, तिथली जखम भरत नसेल तर लगेच दाखवायची, म्हणाले. आम्हाला कुठे ठाऊक? मुंबईला हात काढला, पण काखेत गाठी झाल्या होत्या. तशातही मला म्हणाली, "आता एकच बाही शिव, तुजा काम हलका जाला." मला हसू आलं नाही. घरी येऊन रडले.

मापाच्या वहीत तिचं पान आहे. डाव्या दंडाचं माप त्या वर्षी तीनदा लिहिलंय. अकरा, बारा, साडेतेरा. अक्षर माझंच.

परवा एक बाई ब्लाउज घेऊन आली. एकच बाही घट्ट होते, म्हणाली. मी कात्री खाली ठेवली.

"आधी हात दाखवा."