खांबच्या वळणावर टेप गप्प होतो

अन्याय झालाय तो यासीनभाईंवर. गेल्या वर्षी हरतालिकेच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, मुंबई-गोवा हायवेवर खांब गावाजवळच्या वळणावर उलट्या बाजूने आलेल्या पाण्याच्या टँकरने त्यांची गाडी उडवली आणि ते जागीच गेले. हा पहिला अन्याय. दुसरा संध्याकाळी झाला. टँकरवाल्याने जबाब दिला — "गाडीत टेप जोरात चालू होता, मी हॉर्न मारला, त्याला ऐकूच गेला नाही." झालं! दोष मेलेल्या माणसाचा. त्यांची मुलगी नववीत आहे. वर्गातल्या पोरी तिला विचारतात, "कुठलं गाणं लावलेलं गो तुझ्या अब्बांनी?"

आता पुढचं. हे मी भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात लिहितेय याची माझी मलाच चीड येतेय. इथले अनुभव मी वाचते ते खोडून काढायला. पेण तालुक्यात वाड्या-वस्त्यांवर भूत, करणी, भानामतीविरुद्ध पत्रकं वाटते मी, त्यातली निम्मी मीच लिहिलीत. माझं मत आजही तेच आहे. पण जे डोळ्यांसमोर झालं ते झालं नाही असं लिहिणं माझ्याच्याने होणार नाही.

यासीनभाई रोह्याचे. बरीच वर्षं मस्कतला ड्रायव्हर होते, मग परत येऊन स्वतःची गाडी घेतली आणि पेण-रोहा भाडी मारायचे. आमच्या रस्ता समितीच्या सभांना आम्हाला तेच न्यायचे. ते गेल्यावर गाडी दुरुस्त झाली, पण शबानाभाभीला — त्यांच्या बायकोला — ती दारात नको होती, आणि विकायचीही नव्हती. "तुमच्या कामाला वापर गो," म्हणाली. तेव्हापासून ती मी चालवते.

पहिल्याच फेरीत त्या वळणावर टेपचा आवाज गेला. डिस्प्ले चालू, गाणं पुढे सरकतंय, आवाज शून्य. वळण संपलं, आवाज परत. येताना पुन्हा तेच... खड्ड्यांनी वायर सैल झाली असणार, दुसरं काय! या रस्त्यावर माणसाची हाडं सैल होतात.

पेणला दिनेशच्या दुकानात गाडी लावली. दिनेश माझ्या वर्गातला, गाड्यांचे टेप बसवतो आणि तोंडाचं दुकानही चोवीस तास उघडं ठेवतो.

"कंपनीचा टेप हाय हा, म्हातारा झालाय. काढून टाक. टचस्क्रीन लावतो, तुझी भाषणं पण वाजव त्यावर."

"माझी भाषणं लोक ऐकतात."

"गाडीतून उतरता येत नाय म्हणून ऐकतात गो!"

त्याने जुना टेप उपसून काढला, नवीन बसवला, टेपचं वायरिंग नवं टाकलं, स्पीकरही बदलले. मी समोर उभी राहून पाहिलंय, म्हणून ठामपणे लिहितेय — जुन्यातलं काही ठेवलं नाही.

त्यानंतर अपघाताच्या केससाठी भाभीला पेणच्या वकिलाकडे आणायचं होतं. रोह्याला जाताना भिसे खिंडीतून गेले, त्या रस्त्याला हे वळण लागत नाही. येताना कोलाडला एक काम होतं, म्हणून हायवेने आलो. ऊन चांगलं होतं, गाणं चालू होतं, भाभी मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगत होती. वळण जवळ आलं आणि स्क्रीनवर आवाजाची पट्टी खाली यायला लागली. एकदम नाही. कोणीतरी बोट टेकवून सावकाश ओढावी तशी... शून्यापर्यंत. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. भाभीचे मांडीवरच्या पर्सवर.

मी गाडी कडेला घेतली. वाटलं, आता भाभी घाबरणार. भाभी खिडकीची काच खाली करत होती.

"इथं ते आवाज बंद करायचे," ती म्हणाली. "टेप बंद, काचा खाली. मी बोलत असले तर मलापण — शबाना, गप गो, पुढचं दिसत नाय, ऐकून जायला लागतं. दर वेळी! मी चिडायची. म्हणायची, मस्कतला बायकोचं तोंड बंद करायची ट्रेनिंग दिली काय तुम्हाला?"

ती हसली, आणि मग बराच वेळ ओढणी तोंडावर धरून बसली.

खरंच दिसत नव्हतं. हायवे रुंद करायच्या कामाच्या मातीचा असा डोंगर, की समोरून हत्ती आला तरी कळू नये. बोर्ड नाही, आरसा नाही, झेंडा घेऊन उभा माणूस नाही. पण काच खाली केल्यावर पलीकडून येणाऱ्या ट्रकचं इंजिन स्वच्छ ऐकू येत होतं.

दिनेशला शेजारी बसवून नेलं. वळणापर्यंत हसत होता, वळणावर थांबला. "लिंबू-मिरची बांध, ही गंमत नाय." मी त्याला त्याचीच गाडी तिथून काढायला लावली. गाणं चालूच राहिलं. आमची गाडी दुसऱ्या, याहून भयंकर खड्ड्यांतून नेली. तिथेही चालू. बंद होतो तो याच गाडीत, त्याच वळणावर.

दिनेशने अर्थातच गावभर केलं. वळणावर नारळ आले, अगरबत्त्या आल्या, कोणी 'झपाटलेलं वळण' म्हणून रील टाकली. आणि ठेकेदाराचा माणूस? खुश! मला मातीच्या ढिगापाशीच भेटला. "ताई, जागाच वाईट आहे. त्याला आम्ही काय करणार?"

वा रे वा! आधी दोष ड्रायव्हरचा, आता भुताचा. आणि हा ढीग काय आकाशातून पडला?

भाभीला कोणीतरी ती रील दाखवली. "आधी बेफिकीर केलानी, आता भूत केलानी," ती म्हणाली. "माझा माणूस सांभाळून गाडी चालवायचा, एवढं लिहायला यांचं काय जातं?"

टेप का बंद होतो — मला माहीत नाही. ज्याला वाटतं आपल्याला माहीत आहे, त्याने पेणला यावं, गाडी देते, उघडून बघा. यासीनभाईंचा आत्मा वगैरे मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणायचं नाही. पण टेपला साक्षीला उभं करता येत नाही. भाभीने सांगितलं तर म्हणतात, बायको आहे, बोलणारच. म्हणून मला माणसं हवीत.

तुमच्यापैकी कोणीतरी त्यांच्या गाडीत बसलेलं आहे. मांडीवर गणपती घेऊन, आजारी सासूला घेऊन, गल्फच्या फ्लाइटच्या बॅगा घेऊन. त्या वळणावर त्यांनी टेप बंद केला असेल, तुम्हाला गप्प केलं असेल, तुम्हाला रागही आला असेल. मग खाली 'अंगावर काटा आला' असं लिहून पळून जाऊ नका. रोह्याला या, भाभीसोबत वकिलाकडे चला, आणि स्वतःच्या नावाने जबाब द्या.