तोंड वर करून लावलेली गाडी

मंगळवार, १७ मार्च. दूध उतू गेले. गाडी आजही तापली. भाऊजी ताटावरून उठले.

डायरीत एवढे लिहून वहिनींनी पेन ठेवले. दिराची ही तऱ्हा त्यांना नवी होती. चाळीस वर्षे गाड्या दुरुस्त करणारा माणूस. गल्लीत सगळे त्याला थंडोबा म्हणत, कारण कुणी कितीही घाई केली तरी त्याचा पाना आपल्याच चालीने फिरे. डोळ्याचे ऑपरेशन झाल्यावर त्याने हातात घेतलेले पहिले काम म्हणजे वहिनींची गाडी. रेडिएटरचा फुटका पाइप बदलला, इंजिन थंड ठेवणारे कूलंट भरले, गाडीचा हीटर लावून इंजिन चालू ठेवले. तरी बाजारापर्यंत जाईतो तापमानाचा काटा लालावर. पुन्हा भरले, पुन्हा तेच.

"हात गेला माझा, वहिनी," तो म्हणाला. "हत्यारांना गिऱ्हाईक बघितलंय. संध्याकाळी येतोय न्यायला."

जिन्याखालची हत्यारांची पेटी त्याने दारात आणून ठेवलीही होती.

वहिनी उठल्या. कपाटातून जुन्या डायऱ्या काढून बसल्या. हाच पाइप पूर्वीही एकदा बदलला होता, हे त्यांना पक्के आठवत होते. तिसऱ्या वहीत सापडले.

"ऐका. 'भाऊजींनी गाडी उलटी आत घेतली, तोंड गेटाकडे. भर उन्हात हीटर लावून ह्यांना आत बसवले. हे घामाघूम, भाऊजी हसतात.'"

"दादा मला शिव्या घालत होता," थंडोबाला हसू आले. मग ते ओठांवरच थांबले. "तोंड गेटाकडे?"

तो उठून खिडकीशी गेला. अंगणाला गेटाकडून मागच्या भिंतीकडे उतार. एरवी तो गाडी नेहमी रिव्हर्समध्ये आत घ्यायचा, बाहेर काढायला सोपी म्हणून. या खेपेला डोळ्यांना ऊन सोसेना, म्हणून सरळ आत नेऊन भिंतीच्या सावलीत नाक खुपसून लावली होती. नाक खाली, शेपूट वर.

"एअर धरलीय, कूलंटमध्ये हवा अडकलीय," तो हळूच म्हणाला. "हवा वर जाते. तोंड खाली ठेवलं तर पुढच्या रेडिएटरच्या झाकणापर्यंत येणार कशी? इतकी वर्षं उतारच माझं अर्धं काम करत होता, आणि मला पत्ता नाही."

इंजिन पुरते निवेपर्यंत तो पायरीवर बसून राहिला. मग गाडी फिरवून तोंड वर केले, झाकण उघडले, कूलंट काठोकाठ भरले, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केले. फडक्याने वरचा पाइप तो हळूहळू दाबू लागला. एक बुडबुडा आला. मग चार. मग आतून ढेकर द्यावी तसा आवाज झाला आणि पातळी वीतभर खाली गेली. त्याने पुन्हा भरले.

"वहिनी, आत बसा. हीटरवर हात धरा. गरम वारा आला की समजायचं, हवा निघाली."

"आता माझी पाळी होय?" त्या बसल्या. आधी गार झुळूक, मग कोमट, मग चांगली गरम. "भाजतंय हो."

थंडोबाने झाकण लावले. बाजारापर्यंत दोन फेऱ्या झाल्या. काटा मध्यावरून हलला नाही. परतल्यावर त्याने गिऱ्हाइकाला फोन केला. "येऊ नका. नाही, भाव नाही वाढवायचा. पेटीच विकायची नाही."

"जेवता का आता?"

"वहीत लिहिणार असाल तर दोनदा जेवतो."

संध्याकाळी वहिनींनी त्याच तारखेखाली लिहिले: पेटी जागेवर गेली. जिन्याखालचा बल्ब बदलला, मोठा लावला.